काला न होणारा सप्ताह

२०२५ च्या जानेवारीत बॅटमॅन जिवंत असल्याचे कळले आणि, त्याच्या गोष्टींत माझी पस्तीस वर्षे गेलेली असूनही, मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. हकिगत अशी, की रॉकस्टेडी या लंडनच्या स्टुडिओने २००९ ते २०१५ या काळात बॅटमॅनच्या ‘अर्कम’ मालिकेतले तीन व्हिडिओ गेम केले. सुपरहिरोंच्या गेमचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याला अर्कमपूर्व आणि अर्कमोत्तर असे दोन खंड करावे लागतील, इतके ते काम मोठे होते. तिसऱ्या गेमच्या अखेरीस बॅटमॅनचा मुखवटा सगळ्या शहरासमोर उतरतो, तो आपल्या वाड्यात परत जातो, दार लागते आणि वाडा स्फोटात उडतो. तिथे गोष्ट संपली होती. नऊ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, त्याच स्टुडिओने त्याच जगातला ‘सुइसाइड स्क्वाड: किल द जस्टिस लीग’ आणला. त्यात हाच बॅटमॅन परग्रहावरून आलेल्या ब्रेनिॲकच्या अमलाखाली जाऊन माणसे मारू लागतो आणि शेवटी हार्ली क्विन ही त्याची जुनी वैरीण त्याला गोळी घालते. १९९२ पासून ज्यांचा आवाज म्हणजेच बॅटमॅन असे होऊन बसले होते, ते केव्हिन कॉनरॉय गेम येण्याआधीच वारले होते. त्यांच्या आवाजाला असा निरोप मिळाला. गेम चालला नाही. गेम बाजारात आणणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने त्यापायी २० कोटी डॉलरचा फटका बसल्याचे सांगितले, आणि वर्षभरात दुकान आवरताना शेवटच्या अपडेटमधल्या एका छोट्या चित्रफितीत खुलासा झाला, की मेला तो नकली होता, खरा बॅटमॅन सुखरूप आहे.

आधी संपलेली गोष्ट उकरून काढली, मग तिची विटंबना केली आणि शेवटी ती विटंबनाही खरी नव्हती असे सांगून हात झटकले. एकाच नायकाचे दोन शेवट झाले आणि दोन्ही खोटे ठरले. मला या प्रकाराचा राग येण्यापेक्षा ओळख पटली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारण कॉमिक्सच्या वाचकाला हे नवे नाही. नवे इतकेच, की कॉमिक्सचा हा जुना रोग आता गेममध्येही पुरता भिनला आहे, आणि तिथे तो वाचकाच्या भावनेपाशी न थांबता त्याच्या खिशापर्यंत पोहोचतो.

आमच्या मराठवाड्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन, पंगती, आणि या सगळ्यांत रात्रंदिवस चालू असलेला वीणेचा पहारा. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, ती खाली टेकत नाही. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला वाटला जातो, वीणा उतरते आणि मग मंडपवाला खांब काढू लागतो. या क्रमात कोणी बदल करत नाही. काला न करताच सप्ताह महिनोन्महिने चालू ठेवला, रोज नवी वर्गणी मागितली, आणि एका रात्री वर्गणी कमी पडली म्हणून कीर्तन चालू असतानाच मंडप उतरवला, तर गाव काय म्हणेल? सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा आणि गेमचा आजचा व्यवहार नेमका असा झाला आहे. माझे म्हणणे असे, की गोष्ट संपवायची नाही आणि परवडेनासे झाले की बंद मात्र करायची, ही निव्वळ कलेतली चूक राहिलेली नाही. विकत घेतलेल्या वस्तूबाबतची ती अन्याय्य वागणूक आहे, आणि ग्राहकाच्या कायद्याने तिची दखल घ्यायला हवी.

माझे लहानपण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले. उन्हाळ्याच्या सुट्यांत एस.टी. स्टँडजवळच्या एका टपरीत दोरीला लटकवलेली कॉमिक्स भाड्याने मिळत. तिथेच बाकावर बसून वाचले तर एक दर आणि घरी नेले तर दुप्पट. इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडले, पण त्याचे मराठी अंक त्यानंतरही कित्येक वर्षे या टपऱ्यांतून फिरत होते. कोपरे झिजलेले, मुखपृष्ठाला खाकी कागद चिकटवलेला, आणि पुष्कळदा शेवटचे पान गेलेले. शेवटचे पान नसले की टपरीवाला पाच पैसे कमी घेई. हा तपशील मी गंमत म्हणून सांगत नाही. गोष्टीचा शेवट हा मालाचा भाग आहे आणि तो नसेल तर गिऱ्हाइकाला सूट दिली पाहिजे, एवढा व्यवहार त्या निरक्षर माणसाला समजत होता. आणखी एक गोष्ट त्याला समजत होती: तो भाड्याला भाडेच म्हणत असे.

त्या अंकांतला आमचा देव म्हणजे वेताळ. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला एक वेताळ होताच, त्यामुळे ली फॉक यांच्या १९३६ सालच्या या अमेरिकन मानसपुत्राला मराठीत ते नाव मिळाले तेव्हा त्याला वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. अंगावर जांभळे कपडे, कमरेला दोन पिस्तुले आणि कवटीची गुहा. पण वेताळाची खरी गंमत अशी, की तो मरतो. लोक त्याला अमर समजतात, वाचकाला मात्र माहीत असते, की बाप गेल्यावर मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आहे आणि आपण ज्याला पाहतो तो एकविसावा वेताळ आहे. गुहेत आधीच्या विसांच्या समाध्या आणि रोजनिशा आहेत. १९७७ साली या वेताळाने डायनाशी लग्न केले, पुढे त्यांना जुळी मुले झाली, आणि ते लग्न कोणी नंतर पुसून टाकले नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे आम्हाला त्या भाड्याच्या अंकांतून कळले होते.

डीसी आणि मार्व्हल या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या नायकांचे मात्र तसे होऊ शकले नाही, आणि त्याचे मूळ पहिल्याच सौद्यात आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. त्या दिवसापासून नायक कंपनीचा आणि गोष्ट सांगणारा पगारी, अशी वाटणी झाली. ज्याला शेवट सुचू शकतो त्याला तो करण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला तो करण्यात तोटा आहे. सुपरमॅन १९९२ च्या नोव्हेंबरात मेला, अंकाच्या लाखो प्रती खपल्या, आणि वर्ष उलटायच्या आत तो परत आला. कॅप्टन अमेरिका २००७ साली मेला, २००९ मध्ये परतला. वुल्व्हरिन २०१४ मध्ये गेला, २०१८ मध्ये आला. मृत्यू हा इथे सुगीचा हंगाम झाला आहे.

मरणापेक्षाही मला पीटर पार्करचे, म्हणजे स्पायडर-मॅनचे, लग्न जास्त लागले. १९८७ साली पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न झाले. वीस वर्षे ते जोडपे वाचकांबरोबर जगले, भाडे थकवले, भांडले, सावरले. २००७ साली संपादकांना वाटले, की लग्न झालेला स्पायडर-मॅन तरुण वाटत नाही. म्हणून पीटरला लहानाचे मोठे करणाऱ्या मे काकूंचा जीव वाचवण्याच्या बदल्यात सैतानाशी करार होऊन ते लग्न झालेच नव्हते असे ठरले. ज्या नायकाची सगळी शिकवण जबाबदारी ही आहे, त्याने संसाराची जबाबदारी सैतानाला विकली, आणि तीही वाचकाने वीस वर्षे पैसे मोजून पाहिलेली. मला वाटते, सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासात इतका प्रामाणिक प्रसंग दुसरा नाही. कंपनीने स्वतःच्या धोरणाचे चित्र स्वतःच काढून दाखवले.

एक्स-मेनच्या बाबतीत तर २०१९ साली लेखक जोनाथन हिकमन यांनी ही सवयच कथेचा नियम करून टाकली. क्राकोआ नावाच्या बेटावर म्यूटंटांचे, म्हणजे जन्मतःच अद्भुत शक्ती लाभलेल्यांचे, राष्ट्र उभे राहते आणि तिथे मेलेल्या प्रत्येकाला पुन्हा जन्माला घालण्याची रीतसर व्यवस्था असते. मरण रद्द झालेल्या समाजाचे काय होते, हा प्रश्न विलक्षण होता आणि हिकमन यांच्या मनात त्याची नाटकासारखी तीन अंकी रचना होती. पण पहिला अंक इतका चालला, की बाकीच्या लेखकांना आणि कंपनीला तो संपवावासा वाटेना. शेवटी २०२१ मध्ये हिकमनच बाजूला झाले, आणि बेट त्यांच्याशिवाय २०२४ पर्यंत रेटले गेले. कीर्तनकाराला उत्तररंग लावायचा होता, पण वर्गणी जोरात येत असल्यामुळे मंडळींनी त्याला पूर्वरंगातच थांबवून ठेवले.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो वजनदार आहे. रामाची गोष्ट तरी कुठे संपली, असे मित्र विचारतात. वाल्मीकींनी सांगितली, मग शेकडोंनी सांगितली, आजही कीर्तनात तीच सांगितली जाते आणि श्रोत्यांना शेवट माहीत असूनही ते उठून जात नाहीत. सुपरहिरो ही अमेरिकेची पुराणे आहेत. त्यांना तुम्ही कादंबरीचे माप का लावता?

मीही काही काळ असेच मानत होतो. पण ज्या भूमीत आम्ही राहतो तिथल्याच एका उदाहरणाने माझे मत बदलले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले. पुढचा भाग त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. रामकथा अनंत वेळा सांगता येते हे खरे, पण एकदा सांगायला घेतलेले आख्यान अर्धे ठेवायचे नसते. सांगणारा राहिला नाही तर दुसऱ्याने ते तडीस न्यायचे असते. त्याच नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे आक्षेपाचे उत्तर मिळते. स्वतःचे रामायण नव्याने सांगण्याची नाथांना पूर्ण मोकळीक होती. दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या ग्रंथात हात घालायला मात्र त्यांनी मज्जाव केला. ‘अर्कम’च्या संपलेल्या गोष्टीत जे झाले ती नरोटी होती. नवे जग उभारून तिथे नवा बॅटमॅन सांगितला असता तर कोणाची तक्रार नव्हती.

आणि तसे सांगितले जाते तेव्हा काय होते, हे गेल्या दोन-तीन वर्षांत दिसले आहे. २०२४ च्या जानेवारीत हिकमन आणि चित्रकार मार्को केकेट्टो यांनी नव्या जगातला स्पायडर-मॅन सुरू केला. इथला पीटर आधीच संसारी आहे, दाढी राखतो, त्याला दोन मुले आहेत, आणि शक्ती त्याच्याकडे या वयात येते. अंक महिन्याला एक आणि दोन अंकांमध्ये गोष्टीतही साधारण महिनाच जातो, म्हणजे मुले वाचकाबरोबर मोठी होतात. कंपनीला ज्या संसाराची सतरा वर्षे भीती वाटत होती त्याच्यावरच वाचकांच्या उड्या पडल्या आणि पहिला अंक पुन:पुन्हा छापावा लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा यांचा ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ आला. यातल्या ब्रूसकडे वाडा नाही, नोकर नाही, वडिलोपार्जित पैसा नाही. वडील शाळामास्तर होते, आई हयात आहे, आणि तो स्वतः शहरात इंजिनिअर आहे. पूल, गटारे, इमारतींचे सांगाडे त्याला ठाऊक असतात म्हणून तो भारी पडतो. लातूरमध्ये बसून हे वाचताना मला पहिल्यांदाच वाटले, की हा माणूस आपल्या ओळखीतला असू शकेल. अब्जाधीशाने रात्री गरीब वस्तीत जाऊन भुरट्या चोरांना मारणे हे मी लहानपणी निमूट मान्य केले होते. चाळिशीनंतर ते गळ्याखाली उतरेनासे झाले होते.

म्हणून मी निराशावादी नाही. कॉमिक्समध्ये उत्तम लेखक आहेत आणि वाचक त्यांच्या मागे उभे राहतात. शिवाय कॉमिक्सचा फसवा शेवटसुद्धा कागदावर हातात राहतो. १९८७ चे लग्न २००७ ने पुसले तरी त्या लग्नाचा अंक ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो कोणी काढून नेऊ शकत नाही. गेमचे तसे नाही.

‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम २००४ साली आला. यात खेळणारा बॅटमॅन किंवा सुपरमॅन होत नसे. तो स्वतःचा नायक घडवत असे, त्याचे नाव, पोशाख, पूर्वकथा सगळे स्वतः ठरवत असे. आठ वर्षे लोकांनी दरमहा पैसे भरून आपापले नायक वाढवले. २०१२ साली कंपनीने तो बंद करायचे ठरवले, खेळाडू गेममधल्या नगरभवनासमोर जमले, त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, आणि ३० नोव्हेंबरला सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे कंपनीचे संगणक, बंद होऊन ते सगळे नायक एका क्षणात नाहीसे झाले. पुढे २०१९ मध्ये उघडकीस आले, की काही चाहत्यांनी तो गेम वर्षानुवर्षे चोरून चालू ठेवला होता. २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनीने ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या गटाला रीतसर परवाना दिला. म्हणजे जो गेम कंपनीने बंद केला तो हौशी लोक स्वतःच्या खर्चाने चालवत होते. २०१३ साली सुरू झालेला ‘मार्व्हल हीरोज’ही २०१७ च्या नोव्हेंबरात असाच गेला, त्यात लोकांनी एकेक नायक पैसे देऊन घेतला होता.

कंपन्या असे का करतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे, पण उपयोगाचे नाही. मोठा सुपरहिरो गेम करण्याचा खर्च आता आवाक्याबाहेर गेला आहे. २०२३ च्या डिसेंबरात हॅकरांनी इन्सोम्नियाक या स्टुडिओची कागदपत्रे चोरली, त्यांतून ‘स्पायडर-मॅन २’ला सुमारे ३० कोटी डॉलर लागल्याचे बाहेर आले. या गेमच्या पहिल्या चोवीस तासांत २५ लाख प्रती खपल्या होत्या, म्हणून तो तरला. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा २०२१ चा गेम समीक्षकांनी उचलून धरला, तो माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या सुपरहिरो गोष्टींपैकी एक आहे, आणि तरी त्याची विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही. एकदा विकून संपणारी गोष्ट असा जुगार होऊन बसली, की हिशेब पाहणाऱ्याला न संपणाऱ्या गोष्टीचा मोह होणारच. दर काही महिन्यांनी नवा सीझन, नवे पोशाख, नवे पात्र, आणि गिऱ्हाईक कायमचे दाराशी. यालाच लाइव्ह सर्व्हिस म्हणतात. पण या मोहाची फळे पाहिली तर ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ २०२० मध्ये आला आणि ३० सप्टेंबर २०२३ ला त्याची विक्रीही थांबली. ‘मल्टिव्हर्सस’ २०२४ च्या मे महिन्यात वाजतगाजत पुन्हा सुरू झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात बंद पडला. ‘वंडर वुमन’चा गेम तर पुरा होण्याआधीच २०२५ च्या फेब्रुवारीत रद्द झाला आणि तो करणारा मोनोलिथ हा जुना स्टुडिओही त्याबरोबर गेला.

यशस्वी झालेल्यांचीही खात्री नाही. ‘मार्व्हल रायव्हल्स’ ६ डिसेंबर २०२४ ला आला, तीन दिवसांत एक कोटी लोकांनी तो खेळला, आणि अडीच महिन्यांच्या आत त्याच्या अमेरिकेतल्या रचनाकारांच्या चमूला नारळ मिळाला. हा गेम माझा भाचा संभाजीनगरच्या हॉस्टेलवर खेळतो, आणि खोटे कशाला बोला, सुट्यांत मीही त्याच्याबरोबर खेळतो. तो फुकट आहे, गोष्ट सांगण्याचा आव आणत नाही, आणि पैसे दिले तर ते पोशाखाला दिले हे स्पष्ट असते. कुस्तीच्या फडाला कोणी शेवट मागत नाही. माझे भांडण त्याच्याशी नाही.

भाच्याचे भांडण दुसऱ्याच एका गेमशी आहे. नाव सांगण्याची गरज नाही. घरून येणाऱ्या पैशांतून वाचवून त्याने तो विकत घेतला होता. ‘विकत घ्या’ असेच बटणावर लिहिले होते. दीड वर्षाने ईमेल आली, की अमुक तारखेपासून सर्व्हर बंद होतील. गेममध्ये एकट्याने खेळायची मोहीम होती, तिला दुसऱ्या खेळाडूची गरज नव्हती, तरीही ती सर्व्हरशिवाय उघडत नसे. मोहिमेचे शेवटचे दोन टप्पे त्याचे राहिले होते. ते आता कोणालाच खेळता येणार नाहीत. टपरीवाल्याने निदान पाच पैसे कमी घेतले असते.

आमच्या भागात या प्रश्नाकडे श्रीमंतांच्या पोरांचे खूळ म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ज्या जिल्ह्यांत पावसाने दडी मारली की पिण्याच्या पाण्याला टँकर लागतात तिथे ती समजण्यासारखीही आहे. पण हिशेब करून पाहावा. ‘स्पायडर-मॅन २’ आपल्याकडे ४,९९९ रुपयांना आला. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सोळा दिवसांची मजुरी एका गेमला. ज्याला ही रक्कम किरकोळ वाटते त्याचे गेम बंद पडले तरी बिघडत नाही. ज्याने ती जमवली त्याला ती वस्तू दहा वर्षे टिकायला हवी असते, धाकट्या भावाला द्यायची असते, जुन्या बाजारात विकायची असते. सर्व्हरला बांधलेला गेम यांतले काहीच करू देत नाही. शिवाय ज्याच्या गावी नेट दिवसातून तीनदा जाते, त्याच्यासाठी एकट्याने खेळायच्या गोष्टीलाही सतत नेट मागणे म्हणजे दारातच अडवणे आहे.

इतरत्र या प्रश्नाला तोंड फुटले आहे. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्याने, काढून घेता येणारी डिजिटल वस्तू विकताना तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायला बंदी केली. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तिची मागणी माफक आहे: सर्व्हर अनंतकाळ चालवा असे ती म्हणत नाही, बंद करताना विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढेच म्हणते.

आपल्याकडे संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्‌सना मान्यता दिली. कित्येक घरे त्या जुगारात बुडाली होती, त्यामुळे बंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण व्यसन आणि जुगार यांच्यापलीकडे गेम ही एक विकत घेतलेली वस्तू आहे, तिच्यावर घेणाऱ्याचा काही हक्क असतो, हा विचार त्या चर्चेत कुठे ऐकू आला नाही. गंमत अशी, की त्यासाठी नवा कायदाही फारसा लागणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-व्यापाराची व्याख्या करताना डिजिटल उत्पादनांचा उल्लेख आहे, आणि अन्याय्य कराराच्या व्याख्येत, वाजवी कारणाशिवाय एका बाजूने करार संपवण्याची मुभा देणाऱ्या अटीचा स्पष्ट समावेश आहे. खेळाडूने न वाचता ‘मान्य’ म्हटलेल्या चाळीस पानांत हीच अट असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. भाड्याच्या वस्तूवर ‘विकत घ्या’ असे बटण लावणे हा चौदावा प्रकार मानायला काय हरकत आहे?

जपणुकीचा मुद्दाही यातच येतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने २०२० साली ‘राजी’ हा आपल्या पुराणांच्या वातावरणातला सुंदर गेम केला. पन्नास वर्षांनी कोणाला तो पाहायचा असेल तर कुठल्या ग्रंथालयात जाऊन मागायचा? ज्या जिल्ह्यात वेरूळ आणि अजिंठा आहे तिथल्या लोकांना, चित्रांतून सांगितलेली गोष्ट टिकवावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

सर्व्हरला खर्च येतो, परवान्यांच्या मुदती संपतात, ही कंपन्यांची बाजू मी नाकारत नाही. पण ज्या ‘सुइसाइड स्क्वाड’ला मी सुरुवातीला इतकी नावे ठेवली, त्याच गेमला बंद करण्यापूर्वी नेटशिवाय खेळण्याची सोय देण्यात आली. ‘ॲव्हेंजर्स’ ज्यांनी घेतला होता त्यांना तो विक्री थांबल्यानंतरही खेळता येतो. म्हणजे तोट्यात गेलेल्या गेमलाही हे जमते. जे जमते ते मर्जीवर का सोडायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि शेवट चांगला लिहा, असे कायद्याने सांगता येत नाही, हेही मला कळते. तिथे वाचकाने आपला पैसा कुठे टाकायचा हे ठरवण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा मी त्याला २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’ची डिस्क दिली. नेटची गरज नाही, सीझन नाहीत, एक गोष्ट आणि तिचा शेवट. भाऊबिजेच्या रात्री तो त्या शेवटापाशी पोहोचला. शहरात साथ पसरली आहे, औषधाची एकच कुपी पीटरच्या हातात आहे, समोर मे काकू शेवटच्या घटका मोजत आहेत, आणि ती कुपी त्यांना दिली तर बाकीच्यांसाठी औषध बनवता येणार नाही. पीटर ती देत नाही. भाचा कंट्रोलर मांडीवर ठेवून नावांची सगळी यादी संपेपर्यंत बसून राहिला. मग त्याने विचारले, “मामा, दुसऱ्या भागात काकू परत येतात का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग दुसरा भागही द्या,” तो म्हणाला.